लाटेच्या आधी पोहोचलेले गाणे

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी आठच्या सुमारास सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस समुद्राचा तळ फाटला. ९.१ तीव्रतेच्या त्या भूकंपातून उठलेल्या लाटांनी हिंदी महासागराच्या काठावरील देशांत सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे गिळली. त्यांतील दीड लाखाहून अधिक एकट्या आचे प्रांतातील होती. भूकंपाच्या उगमापासून अगदी जवळ सिमेउलू नावाचे बेट आहे. त्याच्या उत्तर टोकावरील लांगी या गावावर अवघ्या आठ-दहा मिनिटांत दहा मीटरहून उंच लाट आदळली. गाव जमीनदोस्त झाले. पण गावातील सुमारे आठशे माणसांपैकी एकही दगावले नाही. सत्तर हजारांहून अधिक वस्तीच्या त्या साऱ्या बेटावर मृतांचा आकडा सात होता.

याला चमत्कार म्हणणे हा त्या बेटवासीयांचा अपमान ठरेल. त्या दिवशी तेथे भोंगा वाजला नाही, कारण भोंगा नव्हताच. प्रशांत महासागरात १९४९ पासून इशारा देणारे केंद्र होते. हिंदी महासागराच्या गरीब किनाऱ्यांसाठी तशी कोणतीही व्यवस्था उभारण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. सिमेउलूच्या लोकांजवळ होता तो केवळ एक शब्द : ‘स्मोंग’. १९०७ साली अशाच एका लाटेने त्यांच्या पूर्वजांचा संहार केला होता. जे वाचले त्यांनी ती आठवण आजी-आजोबांच्या गोष्टींत आणि ‘नांदोंग’ या लोकगीतांत गुंफली. धरणी जोराने हादरली, मागोमाग समुद्र मागे हटला, तर काहीही न उचलता डोंगराकडे धावायचे, एवढाच त्यांचा आशय. सत्त्याण्णव वर्षांनी तो शब्द गावोगाव ओरडला गेला आणि हजारो माणसे उंचावर पोहोचली. आचेच्या मुख्य भूमीवरही अशा लाटेसाठी जुना शब्द होता. पण तो विस्मरणात गेला होता. तेथे उघड्या पडलेल्या वाळूवर लोक मासे वेचायला उतरले.

सागरविज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी कलेचा उपयोग करावा, असे आता अनेक विद्वान सांगू लागले आहेत. तो विचार स्वागतार्ह आहे. मात्र कला म्हणजे शास्त्राच्या कडू गोळीवरील साखर, ही समजूत आधी टाकून दिली पाहिजे. सिमेउलूचे गाणे ही सजावट नव्हती. लिपीच्या आधाराशिवाय चार पिढ्या ज्ञान टिकवणारी ती व्यवस्था होती. तिच्यात निरीक्षण होते, घटनांचा क्रम होता आणि अखेरीस कृतीचा आदेश होता. तो आदेश कोण्या अधिकाऱ्याचा नव्हता, आजीचा होता. म्हणूनच तो पाळताना कोणी परवानगीची वाट पाहिली नाही.

तथापि परंपरेची आरती ओवाळणे हेही तितकेच घातक आहे. त्याच दिवशी नागपट्टणमच्या कोळ्यांना नांदोंग पाठ असते, तरी ते त्यांना पुरेसे पडले नसते. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर धरणीचा हादरा सौम्य होता आणि समुद्र आधी ओसरला नाही; प्रथम पाणीच चढून आले. गाण्यातील खुणा तेथे दिसणेच शक्य नव्हते. तेथे होते दोन तासांहून अधिक अवधीचे दान, आणि ते यंत्रानेच सार्थकी लावता आले असते. ते झाले नाही व देशात दहा हजारांहून अधिक लोक प्राणांस मुकले. उलट, आठ मिनिटांत लाट येते तेथे यंत्राचा संदेश कागदावर उतरेपर्यंत गाव वाहून गेलेले असते. जवळच्या किनाऱ्याला स्मृती हवी, दूरच्या किनाऱ्याला यंत्र हवे. आणि आपण कोणत्या किनाऱ्यावर आहोत हे आधी कळत नसल्याने प्रत्येक गावाला दोन्ही हवीत. शिवाय समुद्र मागे हटेलच असे नाही, ही शास्त्राची दुरुस्ती गाण्याने स्वीकारली पाहिजे. हादरा मोठा वा लांबलेला असेल, तर ओहोटी पाहत थांबू नये. जिवंत परंपरा अशा दुरुस्तीने भ्रष्ट होत नाही, समृद्ध होते.

२००७ साली हैदराबादेत भारताचे त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले, हे मोठेच काम झाले. परंतु इशारा निघणे आणि तो माणसापर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१८ साली सुलावेसी बेटावरील पालू शहरात वीज आणि संपर्क तुटले, लाट काही मिनिटांत आली आणि भूकंप-लाटांच्या त्या दुर्घटनेत चार हजारांहून अधिक माणसे गेली. २०२० साली ओडिशातील व्यंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना युनेस्कोने ‘त्सुनामीसज्ज’ म्हणून मान्यता दिली, ती गावकऱ्यांच्या सरावाची आणि तयारीची पोचपावती होती.

महाराष्ट्राने हा प्रश्न परका मानू नये. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या आणि येथेही त्यांनी बळी घेतले होते. ती आठवण किती कोळीवाड्यांत जिवंत आहे, याचा शोध कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन घ्यावा. तिथीवरून उधाण आणि भांग ओळखणाऱ्या या समाजाला सागराचे शास्त्र नवे नाही. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९८० पासून कलाजथ्यांच्या मार्गाने विज्ञान गावोगाव नेले; महाराष्ट्रापाशी तर शाहिरांची आणि कलापथकांची थोर परंपरा आहे. तिने आपला डफ समुद्राकडे वळवावा.

मात्र एक सावधगिरी हवी. कोळ्यांची गाणी महोत्सवात हवीत आणि त्यांचे ज्ञान निर्णयात नको, ही येथील प्रस्थापितांची रीत आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या खांबांमधील साठ मीटरची वाट होड्यांना धोक्याची आहे, हे वरळीचे मच्छीमार वर्षानुवर्षे सांगत होते. त्यांना समुद्रातील काम अडवावे लागले, तेव्हा कोठे २०२२च्या अखेरीस एकशेवीस मीटरचे अंतर मान्य झाले. त्यांचे म्हणणे आराखडा आखतानाच ऐकले असते तर?

ज्ञान एकाच दिशेने वाहते, तेव्हा त्याचा हुकूम होतो. प्रयोगशाळेतून वाळूकडे आणि वाळूवरून प्रयोगशाळेकडे असे ते दोन्हीकडून वाहील, तेव्हाच ते लोकांचे होईल. लांगी गावाला कोणी वाचवले नाही. ते स्वतःच्या पायांनी डोंगर चढले. प्रत्येक किनाऱ्यावरच्या माणसाला ते सामर्थ्य मिळवून देणे हे शास्त्रज्ञाचे, शाहिराचे आणि कार्यकर्त्याचे समाईक काम आहे. लाट येण्याची तारीख मात्र कोणीही कळवणार नाही.