परमुलखातले वाचन

नोकरीनिमित्त परदेशी गेलेला मनुष्य मराठीला पारखा होतो, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. आमचा अनुभव नेमका उलटा आहे, आणि तो केवळ आमच्यापुरता असता तर येथे लिहिण्याचे कारण नव्हते. वाचन सुटते ते बहुधा घरीच. परमुलखात ते कधीकधी परत भेटते. असे का व्हावे, आणि त्यातून साहित्य शिकवणाऱ्यांनी काय घ्यावे, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यातून आम्ही मराठी घेऊन पदवीधर झालो, एम.ए. झालो, काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवलेही. त्या काळात आम्ही किती वाचले याचा हिशेब मांडला तर मान खाली घालावी लागते. पुस्तके हाताळली पुष्कळ. परंतु प्रश्नपत्रिकेत काय येईल या नजरेने. कादंबरीची 'वैशिष्ट्ये' आम्हांला तोंडपाठ होती, कादंबरी मात्र धड वाचलेली नव्हती. पुढे पोटापाण्यासाठी मस्कतला एका गोदामाच्या हिशेबाचे काम पत्करले. सामानात दोनच मराठी पुस्तके होती, आणि तीही घरच्यांनी आठवण म्हणून घातलेली.

शुक्रवारच्या सुट्टीला खोलीत बोलायला कोणी नसे. पहिले दोन महिने झोपण्यात गेले. मग एका दुपारी त्यांतले एक पुस्तक उघडले आणि आम्ही ते मोठ्याने वाचत आहोत हे काही वेळाने ध्यानात आले. अर्थासाठी आम्ही वाचत नव्हतो. कानांना मराठी हवी होती. मोठ्याने वाचणाऱ्याला ओळी गाळता येत नाहीत. वीस वर्षांत प्रथमच आम्ही एखादे पान सबंध वाचले. त्यातूनच वही सुरू झाली. प्रथम नुसते शब्द लिहिले : वावर, धुरा, तिफन, डवरा, कुटार, पऱ्हाटी. मग त्या शब्दांभोवती वाक्ये आली.

येथपर्यंतची हकीकत गोड आहे, आणि पुष्कळ जण येथेच थांबतात. एकांताची थोरवी गाऊन मोकळे होतात. आम्हीही थांबलो असतो. पण एकदा वहीतला एक उतारा दूरध्वनीवरून थोरल्या भावाला वाचून दाखवला. त्यात आमच्या वावरात कापूस वेचणीला आला होता. भाऊ ऐकून हसला आणि म्हणाला, "अरे, पऱ्हाटी कोठी राह्यली आता? सारं सोयाबीनच हाये." पश्चिम विदर्भातल्या शिवारांनी केव्हाच कूस बदलली होती, सोयाबीन आणि तूर पेरणाऱ्या गावाला आम्ही आमच्या बालपणात डांबून ठेवले होते. एकांत वाचायला लावतो हे खरे, परंतु तो खोटे लिहायलाही लावतो. परमुलखातून लिहिलेल्या मराठीत जे स्मरणरंजन साचते त्याचे मूळ येथे आहे. तेथे विरोध करणारा भाऊ नसतो.

या सापळ्यातून सुटलेल्या लेखकाचे उदाहरण हवे तर विलास सारंग (1942–2015) यांचे घ्यावे. सत्तरच्या दशकात ते इराकमध्ये बसऱ्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. त्या वास्तव्यातून 'एन्कीच्या राज्यात' ही कादंबरी आली. मायभूमीच्या आठवणींचे कढ काढण्याऐवजी ज्या परक्या भूमीवर ते उभे होते तीच त्यांनी मराठीत आणली. मराठीने त्यांना फारसे जवळ केले नाही, आणि यात त्यांच्यापेक्षा आपल्या वाचनाविषयी अधिक कळते असे आमचे मत आहे. दूर गेलेल्या लेखकाकडून आपल्याला गावच हवे असते.

वास्तविक आमच्या जिल्ह्याने तरी असा हट्ट धरू नये. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथील राजा सर्वसेन याने 'हरिविजय' हे प्राकृत काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही. त्याची ओळख उरली आहे ती अलंकारशास्त्राच्या ग्रंथांत आलेल्या उल्लेखांतून व अवतरणांतून. काश्मीरचा आनंदवर्धन 'ध्वन्यालोका'त त्याचे नाव घेतो. म्हणजे वाशीमचे काव्य जे काही वाचले ते दूरच्या वाचकांमुळे.

दुसरी गोष्ट राजशेखराची. 'काव्यमीमांसे'त तो सांगतो की, सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आईने सोबत नेले नाही म्हणून रुसून निघाला. त्याला आवरण्यासाठी गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. देशोदेशी ती त्याच्यामागे फिरली, प्रत्येक प्रदेशाचा वेष आणि रीत घेत गेली, आणि अखेर विदर्भात वत्सगुल्म नगरात त्यांचा गांधर्व विवाह झाला. ही कथा वाशीमच्या अभिमानासाठी पुष्कळदा सांगितली जाते. ती लिहिणारा कोठे होता हे मात्र सांगायचे राहते. राजशेखर महाराष्ट्रातल्या घराण्याचा. कुळाचे नावच यायावर, म्हणजे भटका. दहाव्या शतकाच्या आगेमागे तो कनोजला प्रतीहारांच्या दरबारी सेवेत होता. नोकरीसाठी दूर राहिलेल्या माणसाने हे लग्न आपल्या मुलखात लावले. आणि कथा तेथे संपतही नाही : ते दांपत्य पुन्हा प्रदेशोप्रदेशी फिरत परत जाते.

आता मुद्द्याची गोष्ट. आमचा एकांत पगारी होता. एका खोलीत आठ जण झोपणाऱ्या मजुराला तो मिळत नाही. ऊसतोडीला जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या कुटुंबालाही नाही. तांड्यावरची गोरबोली बोलणारी मूल मराठी शाळेत पाऊल ठेवते, तेव्हा पासपोर्टावाचून तेही परमुलखात जाते. त्याच्या एकटेपणाला आपण 'भाषिक अडचण' म्हणतो आणि आमच्या एकटेपणाला 'एकांत'. साहित्याच्या वर्गाने हा भेद तरी ओळखावा.

म्हणून वाचनासाठी परदेशी जा, असे आम्ही म्हणणार नाही. उलट, ज्या दोन गोष्टी आम्हांला समुद्र ओलांडून मिळाल्या त्या वर्गात मिळू शकतात, असे आमचे म्हणणे आहे. एक, प्रश्नोत्तरांच्या आधी पुस्तकाबरोबर घालवलेला निर्हेतुक वेळ. आठवड्यात एक तासिका तरी नुसत्या मोठ्याने वाचनाला द्यावी, टिपणे न देता. दुसरी, लिहिलेले ऐकून हसणारा कोणीतरी. पहिलीवाचून वाचन होत नाही, दुसरीवाचून लेखन खरे होत नाही. आम्ही परतलो त्याला आता काही वर्षे झाली. तो कापसाचा उतारा अजून वहीत आहे. खोडलेला नाही, फक्त समासात भावाचे वाक्य लिहून ठेवले आहे.