रान माजवणारे आणि रान तोडणारे

पावसाळा सरला की कर्जत तालुक्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. दहिवलीसारख्या वस्तीलगतच्या खासगी जमिनींत घाणेरी आणि रानमोडी पुरुषभर माजते, बांध दिसेनासे होतात, फुरशी-घोणशींचे भय वाढते आणि माघ-फाल्गुनात तेच वाळलेले रान वणव्याला खाद्य पुरवते. तक्रार खरी आहे. तिच्यावरचा उपाय मात्र ठरलेला: मालकाला नोटीस द्यावी, मालकाने जेसीबी आणावा, प्रश्न मिटला! या दृष्टीला झुडूप दिसते, सातबारा दिसत नाही.

भाताचे खाचर कसले, वरकस जमिनीत नाचणी-वरी पेरली, राबासाठी दरवर्षी कवळ तोडले, तर घाणेरीला फारशी जागा उरत नाही. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणारे पाणी राजनाल्याने ज्या तालुक्यात खेळवले, तेथे जमीन पडीक राहते ती निसर्गाच्या कोपाने नव्हे, मालकाच्या हिशेबाने. मुंबई-पुण्याच्या पैशाला ही जमीन म्हणजे शेती नसून ठेव आहे. नांगर न लावता तिचा भाव वाढतो. मग नांगर लावावा कोणी? कूळकायद्याच्या कलम ६३ ने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास आडकाठी केली खरी, पण दूरच्या एखाद्या गावचा सातबारा नावावर असला की कोणताही धनिक ‘शेतकरी’ ठरतो.

याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांनी १९३३ साली जमिनी कसण्याचे नाकारले होते. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालचा तो संप १९३९ पर्यंत चालला आणि कुळांनी त्याची किंमत उपासमारीने मोजली. आज जमीन पडीक ठेवण्याचे हत्यार मालकाच्या हाती गेले आहे, आणि त्यासाठी त्याला एक वेळही उपाशी राहावे लागत नाही.

रान तोडतो कोण? कातकरी आणि ठाकूर. कोयता त्यांचा, काटे त्यांच्या हातापायांत, मजुरी राखणदार ठरवील ती. रान साफ झाले की तारेचे कुंपण येते. कर्जत-खालापुरातील कित्येक कातकरी वाड्या अशाच खासगी जमिनींवर वसलेल्या आहेत. घर पिढ्यान्‌पिढ्यांचे, जागा दुसऱ्याच्या नावावर. कुंपणाबरोबर पाणवठ्याची वाट जाते, सरपण जाते, वैशाखात विकायची करवंदे जातात. ज्या हातांनी जाळी तोडली त्याच हातांना पुढे फाटकाबाहेर थांबावे लागते. ‘साफसफाई’ या निरुपद्रवी शब्दाआड बेदखलीची पूर्वतयारी चाललेली असते, हे नोटिसा मागणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही. यंत्राने उतार खरवडला तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस माती उल्हास नदीत नेतो आणि उघड्या जमिनीवर रानमोडी पुन्हा उगवते, ते वेगळेच.

मजूर मिळत नाहीत, असे मालक सांगतात. दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर टाकून वीटभट्ट्यांकडे निघणारी कातकरी कुटुंबे त्यांना दिसत नसावीत!

कायदा अपुरा आहे म्हणावे, तर तेही खरे नाही. १९४८ च्या कूळकायद्यातील कलम ६५ प्रमाणे, मालकाच्या कसुरीमुळे लागोपाठ दोन वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीचे व्यवस्थापन चौकशीअंती सरकारला आपल्याकडे घेता येते. सरकारला खासगी मालकीत हात घालण्याचा संकोच वाटतो, असेही नाही. ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातील खासगी वने एका कायद्याने सरकारजमा झाली. डोंगरउतारावर दळी कसणाऱ्या आदिवासींच्या हक्कांचा प्रश्न त्यानंतर लोंबकळत राहिला आणि २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत त्यांना दाद मागण्यास धड आधार नव्हता. गरिबाच्या दळीपर्यंत पोचलेला सरकारचा हात धनिकाच्या पडीक रानाशी मात्र आखडतो.

दर २ जानेवारीला सिद्धगडावर भाई कोतवालांना मानवंदना देणाऱ्या कार्यकर्त्यांनी यंदा तलाठ्याच्या चावडीतही जावे. पीकपाहणीत दोन वर्षे ‘पड’ अशी नोंद असलेले सर्व्हे नंबर गावोगाव उतरवून घ्यावेत आणि कलम ६५ खालील चौकशीची लेखी मागणी तहसीलदारांपुढे ठेवावी. व्यवस्थापनाखाली आलेली जमीन भूमिहीन कातकरी-ठाकुरांच्या सहकारी गटांना कसण्यास मिळावी, हे त्याच अर्जात लिहावे. आणि ज्या जमिनीवर वाडी उभी आहे, तेथे घरांखालची जागा मोजून वाडीच्या नावे होईपर्यंत एकाही कुंपणाचा खांब रोवू देऊ नये.