कसणारा एक, हप्ता दुसऱ्याच्या खात्यात

पीएम किसानचा हप्ता आला की आमच्या शाळेतले काही पालक मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात. मी उर्दू-मराठी शिकवतो, पण गावात मास्तर म्हणजे बँकेचे मेसेज वाचून देणारा माणूस. "सर, सगळ्यांचे आले, माझे का नाही?" माझे उत्तर ठरलेले: तुमच्या नावावर सातबारा नाही.

हे सांगताना राग येतो, आणि तो बिचाऱ्या तलाठ्याचा नसतो.

केंद्र सरकार डिसेंबर २०१८ पासून वर्षाला ६,००० रुपये देते. राज्याने २०२३ मध्ये 'नमो शेतकरी' आणून तेवढीच भर घातली. पण पैसे मिळतात ते जमिनीच्या मालकाला. आधी दोन हेक्टरची अट होती, २०१९ मध्ये तीही काढली. म्हणजे चोपड्यात वीस एकर काळी जमीन असलेला आणि सुरतेत दुकान चालवणारा माणूस, आयकर भरत नसेल तर, शेतकरी. त्याच रानात निम्म्या बटाईने कापूस लावणारा, फवारणीचा पंप पाठीवर वाहणारा मात्र कोणीच नाही. सरकारी पगारदार म्हणून नियम मला वगळतो, ते रास्तच आहे. बटाईदाराला कोणत्या न्यायाने वगळले?

म्हणतात, त्याच्याकडे कागद नाही. का नाही? १९४८ च्या कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कुळांना मालक केले. त्याचा धसका अजून गेलेला नाही. मालक बटाई तोंडीच ठेवतो आणि दोन-तीन वर्षांनी माणूसही बदलतो. कसणाऱ्यासाठी केलेला कायदाच आज त्याचे नाव कागदावर येऊ न देण्याचे निमित्त झाला आहे.

बारा हजारांचे एक वेळ सोडा. खरा मार बसतो तो अतिवृष्टीत. बियाण्यात, खतात निम्मा खर्च बटाईदाराचा, पंचनामा मालकाच्या नावाचा. पीकविमा भाडेकरार मागतो. आता फार्मर आयडी आला, तोही सातबाऱ्यावरूनच बनतो.

आपल्या लोकांत कुजबुज चालते की आपल्याला मुद्दाम वगळतात. मला हे पटत नाही. नावाची भानगड आपल्याकडे जास्त आहे, हे खरे. सातबाऱ्यावर 'शे.', आधारवर 'शेख' आणि बँकेत आडनाव शेवटी, की अडला हप्ता. पण बटाईचा प्रश्न जातधर्म बघत नाही. यावल-रावेरचा तडवी, शिरपूरचा पावरा, साक्रीचा भिल्ल, सगळे याच रांगेबाहेर उभे आहेत. हे भांडण एकट्या मुसलमानाचे करून मांडले तर ते तिथेच हरले.

आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये रयतू भरोसा योजनेत दलित, आदिवासी, मागास आणि अल्पसंख्याक बटाईदारांना घेतले. त्याच वर्षी कायदा करून त्यांना अकरा महिन्यांचे कार्ड दिले. त्याने जमिनीवर हक्क लागत नाही, फक्त पिकावर लागतो. कार्डाला मालकाची सही लागते, म्हणून तिथेही पुष्कळ जण बाहेर राहिले. तरी वाट दिसली. आपल्याकडे २०२१ पासून मोबाइलवर ई-पीक पाहणी होते. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा असतो. त्यात 'प्रत्यक्ष कसणारा' एवढा एक रकाना वाढवायला कोणती अडचण आहे? अकरा महिन्यांच्या करारावर जळगाव-धुळ्यात घरे भाड्याने जातात, आणि कोणाचे घर भाडेकरूच्या नावावर झालेले नाही.

सरकारला बोललो, आता आपल्याला. शेत बटाईने देणारे आपल्यातही आहेत. मास्तर आहेत, व्यापारी आहेत, पाच वेळचे नमाजीही आहेत. कापूस घरात येतो तेव्हा काट्यावर निम्मा मोजून घेता. मग नुकसानीचे पैसे खात्यावर येतात तेव्हा बटाईदाराला का कळत नाही? त्यासाठी जीआरची वाट बघायची गरज नाही. या खरिपाची मदत जमा झाली असेल, तर निम्मी त्याच्या घरी पोचवा.