ड तुकडीतली गर्दी कुणाची?



गेल्या महिन्यात आपल्या विहारात अभ्यास शिबिर झालं. एक गुरुजी बोलायला आले होते. आपल्याच समाजातले, वीस वर्षं नोकरी झालेले. वर्गात ऐंशी पोरं असली तरी वर्ग ताब्यात कसा ठेवायचा हे त्यांनी तासभर सांगितलं. गट पाडा. गटप्रमुख नेमा. तीन टाळ्या वाजवल्या की सगळ्यांचं तोंडावर बोट. बोलणाऱ्याचं नाव फळ्यावर. आपण टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या.

रात्री पाळीला गेलो, रिंग फ्रेमसमोर तुटलेलं सूत जोडत उभा राहिलो, तेव्हा डोक्यात किडा वळवळायला लागला. ऐंशी पोरं गप्प कशी बसवायची हे गुरुजींनी सांगितलं. ऐंशी पोरं एका खोलीत कोंबली कुणी, हे सांगितलं नाही. आणि आपण विचारलंही नाही. म्हणवतो मात्र सवाल विचारणारी चळवळ!

हे मी लिहितोय ते पुस्तकं वाचून नाही. मी स्वतः ड तुकडीतला. 2011 साली सातवीत होतो. शाळेचं नाव सांगत नाही, तुमच्या गावातलीच धरा. अ तुकडीत पन्नास पोरं, पंखा, गणिताला कायमचे सर. ड तुकडीत आम्ही अठ्ठ्याहत्तर. दोघांच्या बाकड्यावर चौघं, उरलेले भिंतीकडेला खाली बसकर टाकून. तुकड्या मार्कांवर पाडल्या म्हणायचे. मार्कांना वाडे-वस्त्या बरोब्बर ओळखता यायच्या, एवढंच नवल. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली दहा हजेरीत गेली. उरलेल्या पंचवीस मिनिटांना अठ्ठ्याहत्तरनं भागा. एका पोराच्या वाट्याला मास्तर वीस सेकंदंसुद्धा येत नाही. हा हिशेब तेव्हा आम्हाला करता येत नव्हता, कारण भागाकार कुणी नीट शिकवलाच नव्हता.

आणि त्या ड तुकडीचा मॉनिटर मी होतो.

फूटपट्टी माझ्या हातात. खडू माझ्या हातात. सर दुसऱ्या वर्गावर गेले की मी फळ्यावर लिहायचो, ‘बोलणारी मुले’, आणि खाली नावं. माझा एक दोस्त होता, मांगवाड्यातला. मी बौद्धवाड्यातला. एकाच डबक्यात पोहायला शिकलो. एक दिवस अपूर्णांकाचं गणित त्याला कळलं नाही म्हणून त्यानं शेजारच्याला विचारलं. विचारलं म्हणजे बोललाच की. मी नाव लिहिलं. सर आले, दोन्ही तळव्यांवर पाच-पाच. वर सरांनी माझी पाठ थोपटली, वर्ग छान सांभाळलास म्हणून. दिवाळीनंतर दोस्त शाळेत आलाच नाही. आज माझ्याच गिरणीत कापसाच्या गाठी उतरवतो. बँकेचा मेसेज आला की वाचायला माझ्याकडं आणतो. हाक मारताना अजून ‘मॉनिटर’ म्हणतो. हसून म्हणतो, पण म्हणतो.

आता ही मॉनिटरची भानगड कुठून आली? अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासला सैनिकांच्या अनाथ पोरांची एक शाळा होती. तिथं अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्यानं ती रीत बसवली. मोठ्या पोरांनी लहानांना शिकवायचं, शिस्तीत ठेवायचं. तिकडं लंडनला जोसेफ लँकेस्टरनं एकाच दालनात शेकडो गरीब पोरं एका मास्तराखाली बसवून दाखवली. सगळे खूष, कारण फार स्वस्तात पडत होतं. गिरण्या उभ्या राहिल्या त्याच काळातली ही गोष्ट. लॉर्डांची पोरं त्या दालनात बसत नव्हती, हे सांगायला नको. सव्वादोनशे वर्षं झाली. गुरुजींनी विहारात सांगितलं ते तेच होतं, फक्त त्याला आता ‘वर्ग व्यवस्थापन कौशल्य’ म्हणतात.

कौशल्य! मी कामगार आहे, मला हा शब्द ऐकला की खिशाला हात लावावासा वाटतो. माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता, 1982 च्या संपात घरी बसला तो बसलाच. त्याच्याकडून 1928 चा संप ऐकला, मग मिळेल ते वाचलं. दोन माग चालवणाऱ्या विणकराच्या अंगावर मालक तिसरा माग टाकायला निघाले होते. कामगारांनी त्याला कौशल्य म्हटलं नाही. वाढीव बोजा म्हटलं. एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद पाडल्या, दीड लाखाच्या आसपास माणसं उपाशी राहिली. आणि त्याच संपाच्या काळात बाबासाहेबांनी दुसरा सवाल टाकला होता, जो लाल बावटेवाल्यांना झोंबला. मागावर काम करताना धागा तोंडानं ओढावा लागायचा, आपल्या माणसाची थुंकी लागली तर बाटणार, म्हणून विणकामखात्यात अस्पृश्याला घेतच नव्हते. तिसऱ्या मागाचं भांडण बरोबर, पण आम्हाला एक तरी माग आहे काय?

हे दोन्ही सवाल शाळेला लावा. ऐंशी पोरं हा मास्तरावरचा तिसरा माग आहे. आणि ड तुकडीच्या पोराला अजून एकही माग मिळालेला नाही.

गुरुजी म्हणतील, अरे बाबा, पोरं समोर बसलेली असतात, मी काय संप करू? मान्य. मी मास्तराला शिव्या घालत नाही, तोही राबतोय. तीन टाळ्या वाजवल्याशिवाय त्याचा दिवस जात नसेल. माझं म्हणणं एवढंच की नाइलाजाला कला म्हणू नका. विहारात उभं राहून आमच्या पोरांपुढं त्याचं कौतुक तर मुळीच नको. (गुरुजींची स्वतःची दोन्ही पोरं इंग्रजी शाळेत, वर्गात तीस जण. हे त्यांनीच चहा पिताना सांगितलं.)

कायदा काय म्हणतो ते पाठ करा. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. पहिली ते पाचवी साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन. सहावी ते आठवी पस्तीस पोरांमागं किमान एक. हे प्रमाण प्रत्येक शाळेत पाहिजे. कुणी साहेब राज्याची सरासरी दाखवून गप्प करायला आला तर सांगा, सरासरी बाकड्यावर बसत नाही. एका शाळेत बारा पोरं आणि दुसरीत ऐंशी, सरासरी शेहेचाळीस. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पदं रिकामी ठेवायची नाहीत, हेही कायद्यातच आहे. मास्तराला जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून दुसऱ्या कामाला जुंपायचं नाही, हेही. नववी-दहावीला मात्र हा कायदा हात लावत नाही. तिथं आणखी कोंबाकोंबी.

गर्दी म्हणजे नुसता आकडाही नव्हे. खेड्यात एकच मास्तर पहिली ते चौथी एका खोलीत घेऊन बसतो. पोरं वीसच असतील. पण चार इयत्तांचं ओझं एकाच्या गळ्यात, मग तीही गर्दीच.

पैसा नाही म्हणतात. 1927 साली मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी मागणी केली होती, दारूच्या करातून जेवढं लोकांकडून घेता निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला. आपण त्यांच्या जयंतीला डीजे लावतो. आज दारूतून किती येतात आणि आपल्या गावच्या शाळेवर किती जातात, हे एका तरी पोरानं माहितीच्या अधिकारात विचारलंय का?

आणखी एक. त्या कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. अनुदान न घेणाऱ्या खाजगी शाळा सोडल्या तर बाकी शाळांना लागू. पाऊण सभासद पालक, निम्म्या बाया, आणि वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या पोरांच्या प्रमाणात जागा. या समितीवर आपल्या वस्तीतलं कोण आहे, हे मी आमच्या शाखेत विचारलं. सतरा जण बसले होते. एकालाही माहीत नव्हतं. भीमा कोरेगावच्या बसचा हिशेब मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

मी बिनलग्नाचा, मला त्या समितीवर बसता येत नाही. माझ्या दोस्ताची पोरगी दुसरीत आहे, नगरपालिकेच्या शाळेत. खोलीत एक्काहत्तर पोरं. परवा गाठींच्या गोदामात बसून त्याला हे सगळं सांगितलं. म्हणालो, पालकसभेला चल, तू उभा रहा, कागदपत्र मी वाचतो. त्यानं विडी विझवली. म्हणाला, “मॉनिटर, तिथं बोललं तर नाव लिहितात काय?”

पालकसभेची नोटीस अजून लागलेली नाही. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. तुम्हीही आपापल्या शाळेत अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

जय भीम.