ठाण्याची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण सर्वांनीच वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. कोर्टाच्या आधी जी पायरी लागते ती ठाण्याची. तिच्याविषयी स्वतंत्र म्हण रचण्याची आपल्या पूर्वजांना गरज भासली नसावी, इतकी ती टाळण्याची सवय अंगवळणी पडलेली. चोरी झाली तरी ‘रपट लिहायला’ कोण जातो, असे आपण बऱ्हाणपूरकर सहज म्हणून जातो. या महिन्यात त्या पायरीविषयीच चार शब्द लिहावेत असे मनात आहे. निमित्त एका बैठकीचे आहे आणि थोडे माझ्या स्वतःच्या अपराधाचेही.

सणावारांचे दिवस जवळ आले की शांतता समितीची बैठक बोलावली जाते, हे वाचकांना ठाऊक आहेच. मुख्याध्यापकाच्या खुर्चीमुळे अशा बैठकांची निमंत्रणे मला वर्षानुवर्षे येत आहेत. कलेक्टर साहेब, एस. पी. साहेब, टी. आय. साहेब समोर बसतात. मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिवर्धकाची वेळ, विसर्जनाच्या घाटावरचे दिवे यांची चर्चा होते. दोन्ही समाजांची प्रतिष्ठित मंडळी सहकार्याचे आश्वासन देतात आणि चहा घेऊन सभा संपते. गेल्या खेपेस मागच्या रांगेतून एका यंत्रमाग कामगाराने उभे राहून विचारले, “साहेब, आम्ही सहकार्य देऊ. पण रात्री आमच्या पोराला कुणी उचलून नेले, तर तो कुठे आहे हे आम्ही कुणाला विचारायचे?” सभेत क्षणभर शांतता पसरली. मग कुणीतरी म्हणाले, “हा या बैठकीचा विषय नाही.” मीही त्या सभेत होतो आणि मीही काही बोललो नाही. घरी येताना मात्र वाटत राहिले, की हा या बैठकीचा विषय नसेल, तर दुसरा कोणता असू शकेल?

आपल्या गावाला हा प्रश्न नवा नाही. इ. स. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. त्या राजवटीत शहराच्या सुरक्षिततेचा भार कोतवालावर असे. अबुल फज़लच्या ‘ऐन-ए-अकबरी’त कोतवालाची कर्तव्ये नोंदलेली आहेत. त्याने घरांची नोंद ठेवावी, काही घरे मिळून एक मोहल्ला बांधावा, त्यावर एक शहाणा माणूस नेमावा, शेजाऱ्यांना परस्परांच्या मदतीला बांधून घ्यावे, आलेल्या-गेलेल्याची खबर ठेवावी. आणि चोरीचा माल सापडला नाही तर त्याची जबाबदारी स्वतः घ्यावी. आपल्याकडील खेड्यांतही हेच तत्त्व होते. पाटलाच्या हाताखाली जागल्या असे. चोराचा माग काढत तो शिवेपर्यंत जाई आणि माग पुढे गेला की पुढच्या गावाच्या माथी जबाबदारी पडे. रक्षण करणाऱ्याने उत्तर दिले पाहिजे, ही जाणीव आपल्या मातीत पुरातन आहे. उणे होते ते इतकेच, की हे उत्तर तो वरच्या धन्याला देई. मोहल्ला कोतवालाचे कान होता, डोळे होता. कोतवालाला प्रश्न विचारण्याची सोय मात्र मोहल्ल्याला नव्हती.

ती सोय नसली म्हणजे काय होते, हे मराठी माणसाला कुणी सांगायला नको. १७९१ साली पुण्याचा कोतवाल घाशीराम याने काही तेलंगी ब्राह्मणांना चोरीच्या संशयावरून एका कोंदट खोलीत डांबले आणि त्यांतले वीसहून अधिक जण गुदमरून मेले. आजच्या भाषेत याला कोठडीतील मृत्यू म्हणतात. शहर खवळून उठले, नाना फडणविसांना कोतवालाला लोकांच्या हवाली करावे लागले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे हे नाव घरोघरी पोहोचले. पण त्या हकिगतीतला एक धडा आपण क्वचितच घेतो. लोकांची तक्रार आणि लोकांचा दगड यांच्यामध्ये तेथे एकही दार नव्हते. तक्रार ऐकणारे दार असते, तर ते ब्राह्मण कदाचित वाचले असते. आणि घाशीरामालाही रीतसर शिक्षा झाली असती. पोलिसांवर देखरेख ही जितकी नागरिकाच्या हिताची, तितकीच पोलिसाच्याही हिताची असते, ती अशी.

आता एका गावाची गोष्ट सांगतो. ते आपल्या गावाच्या नात्यातले आहे. तेथेही मागांचा खडखडाट हाच दिवसाचा श्वास. भिवंडी. मे १९७० मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाड येथे दंगली झाल्या. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगाने दंगलीनंतरच्या पोलीस तपासातील पक्षपातावर अत्यंत कठोर ताशेरे ओढले. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. अशा गावात १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या उभारल्या. त्यांत दोन्ही समाजांची माणसे होती आणि ती केवळ पुढारी नव्हती. मागावर बसणारे, दुकान चालविणारे असे साधे लोक होते. या समित्या तणाव उत्पन्न झाल्यावर बोलावल्या जात नसत. काही घडलेले नसतानाही त्या भरत. शिपाई त्या मोहल्ल्यातल्या माणसांना नावाने ओळखू लागला आणि माणसे शिपायाला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि त्या वेळचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी तिच्यात पुढाकार घेतला.

ही कथा येथेच थांबवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला. गोळीबारात नागरिक मरण पावले आणि जमावाच्या हातून दोन पोलीस शिपायांचे प्राण गेले. विश्वास ही एकदा बांधून ठेवायची इमारत नव्हे. ती रोज झाडावी लागणारी ओसरी आहे. एका चांगल्या अधिकाऱ्याच्या स्वभावावर उभी राहिलेली व्यवस्था त्याच्या बदलीबरोबर डळमळू शकते. ऑक्टोबर २००८ मधील संचारबंदीचे दिवस ज्या बऱ्हाणपूरकरांनी अनुभवले आहेत, त्यांना हे अधिक विस्ताराने सांगावयास नको.

म्हणूनच माणसाच्या स्वभावाला कायद्याची जोड लागते. योगायोग असा, की २००६ हेच वर्ष याही बाबतीत महत्त्वाचे ठरले. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये केलेल्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. पोलिसांवर देखरेख हवी, ही मागणी घेऊन न्यायालयाच्या दारी गेलेला माणूस स्वतः आयुष्यभर खाकी वर्दीत वावरलेला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. न्यायालयाने सात आदेश दिले. ठाणे अंमलदारापासून महासंचालकापर्यंतच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षे एका जागी राहू द्यावे, तपासाचे काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळे करावे, असे काही आदेश पोलिसाला राजकीय दडपणातून सोडविणारे होते. राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण असावे, हा आदेश नागरिकाच्या हाती दाराची कडी देणारा होता. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती करून निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली राज्य प्राधिकरणाची आणि विभागीय प्राधिकरणांची तरतूद केली. आदेश आणि तरतूद यांत आठ वर्षे गेली. अन्य कित्येक राज्यांत न्यायाधीशांच्या जागी मंत्री किंवा सेवेतील अधिकारी बसविले गेले. परीक्षा घेणारा आणि देणारा एकाच बाकावर बसला, तर निकाल काय लागणार, हे आम्हा शिक्षकांना कुणी समजावून द्यायला नको.

आपल्या मध्य प्रदेशात १९९९ च्या अधिनियमाने ग्राम व नगर रक्षा समित्या आल्या. गस्तीत, जत्रेत, मिरवणुकीत हे तरुण पोलिसांच्या मदतीला उभे असतात, आणि त्यांचे काम स्तुत्य आहे. पण पोलिसाला मदत करणे हा एक हात झाला. पोलिसाला विचारणे हा दुसरा हात. एका हाताने केलेल्या नमस्काराला आपण नमस्कार म्हणत नाही. मग एका हाताच्या सहकार्याला सहकार्य का म्हणावे?

आता माझा अपराध. काही वर्षांपूर्वी या जिल्ह्याबाहेर एका लहान गावी माझी नेमणूक होती. दहावीतला एक मुलगा होता, सोळा वर्षांचा. बाप खानदेशातून केळीच्या कामाला आलेला मजूर. एके रात्री बाप माझ्या दारी आला. मळ्यातली पाण्याची मोटर चोरीला गेली होती आणि चौकशीसाठी पोराला नेले होते. मी म्हणालो, “भाऊ, रात्र फार झाली, सकाळी पाहू.” सकाळी गेलो तेव्हा मुलगा भिंतीशी जमिनीवर बसलेला होता. मुन्शी अदबीने बोलला, मला खुर्ची दिली आणि म्हणाला, “गुरुजी, अटक कुठे केली आहे? नुसते बसवले आहे.” नोंदवहीत नाव नव्हते. मी चहा प्यालो आणि परत आलो. दुसरी रात्र उलटल्यावर त्याला सोडले. मोटर पुढे भलत्याच माणसाकडे सापडली. मुलगा मात्र पुन्हा शाळेत आला नाही. परीक्षेच्या बंदोबस्ताला त्याच ठाण्याचे शिपाई येत, म्हणून मी कुठेही एक ओळ लिहिली नाही. गाव सोडून जाण्यापूर्वी बाप मला एवढेच म्हणाला, “गुरुजी, तुम्ही रात्रीच आला असता तर बरे झाले असते.”

त्या रात्री मला जे माहीत असायला हवे होते, ते आज येथे लिहून ठेवतो. कुणा वाचकाच्या दारी असा बाप आला तर उपयोगी पडेल. अटक झालेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ वगळता, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केलेच पाहिजे. हे संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात आहे. अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्याला चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. अटकेची खबर नातलगाला वा मित्राला दिली पाहिजे, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये घातला. त्या प्रकरणाचा उगम १९८६ मध्ये बसूंनी सरन्यायाधीशांना धाडलेल्या एका पत्रात होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटकेतील व्यक्तींची माहिती ठेवणारा अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असावा लागतो आणि ती माहिती फलकावर लावावी लागते. डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे ठाण्याचे प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा येथे कॅमेरे हवेत. त्यांच्या देखरेखीच्या जिल्हा समितीत कलेक्टर आणि एस. पी. यांच्याबरोबर महापौर अथवा जिल्हा पंचायतीच्या अध्यक्षांनाही स्थान दिलेले आहे. म्हणजे आपण निवडून दिलेला माणूस तेथे बसू शकतो. तो तेथे काय पाहतो, हे त्याला विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

‘नुसते बसवले आहे’ या तीन शब्दांना कायद्यात जागा नाही. हे त्या सकाळी मी मुन्शीला शांतपणे म्हणालो असतो, तर तो कदाचित रागावला असता. कदाचित त्याने वहीही उघडली असती. तोही बिचारा सोळा-सोळा तास ड्यूटी करणारा, वरच्या साहेबाच्या दडपणाखाली दबलेला माणूस. त्याच्या विरुद्ध माझे काही नाही. विरुद्ध आहे ते माझ्याच त्या चहाच्या कपाच्या.

पुढच्या शांतता समितीच्या बैठकीत मी त्या कामगाराचा प्रश्न पुन्हा विचारणार आहे, आणि या वेळी तो पुढच्या रांगेतून विचारला जाईल. आपल्यापैकी जे जे अशा बैठकांना जातात त्यांनीही विचारावा, अशी विनंती आहे. म्हणीतल्या शहाण्याने पायरी खुशाल चढू नये. परंतु दुसऱ्याचे मूल त्या पायरीपलीकडे बसलेले असताना घरी झोपून राहणे, याला शहाणपण म्हणता येत नाही. असो.