मोठे टायर लावण्यापूर्वी

घरात थार आली की थोड्याच दिवसांत टायरची गोष्ट निघते. मुलगा मोबाईलवर फोटो दाखवतो, "अब्बा, फक्त टायर मोठे केले तर गाडी कशी दिसते बघा!" अब्बा किंमत विचारतात, अम्मी म्हणते, "आहेत ते काय वाईट आहेत?" आणि विषय तिथेच अडतो. मुलाला वाटते घरच्यांना शौक कळत नाही, घरच्यांना वाटते पोरगा ऐकत नाही. अशा वेळी आम्हा शिक्षकांना एकच उपाय सुचतो. वाद थांबवावा, कागद-पेन्सिल घ्यावी आणि हिशेब मांडावा. सातवीचे गणित त्याला पुरते.

टायरच्या कडेवर आकडे असतात. 2020 मध्ये आलेल्या थारच्या एका प्रकारावर 245/75 आर 16 असे माप आहे. 245 ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या 75 टक्के. 16 हा आतल्या डिस्कचा व्यास, इंचांत. कडेची उंची दोनदा धरली आणि डिस्क मिळवली की पूर्ण टायरचा व्यास साधारण 774 मि.मी. येतो. आता मुलाला आवडलेला 285/75 आर 16 घेऊ. त्याचा व्यास 834 मि.मी. फरक 60 मि.मी. पण गाडी वर उचलली जाते ती त्याच्या निम्मीच, कारण टायरचा अर्धा भाग आसाच्या वर असतो. म्हणजे दगडधोंड्यांतून जाताना मिळाले 30 मि.मी., सव्वा इंचही नाही.

हे मिळवताना काय गेले, तेही त्याच कागदावर लिहू. जुना टायर एका फेरीत सुमारे 2.43 मीटर जातो, नवा 2.62 मीटर. काटा मात्र फेऱ्या मोजतो, रस्ता नव्हे. त्याचा हिशेब जुन्याच टायरचा. काट्यावर 80 दिसते तेव्हा गाडी 86 च्या आसपास असू शकते. कारखान्यातला काटा सहसा वेग थोडा वाढवूनच दाखवतो, त्यामुळे प्रत्यक्ष चूक काहीशी कमी निघेल. पण चूक आता उलट्या बाजूला झुकली. किलोमीटरही कमी नोंदले जातात, म्हणून सर्व्हिसिंग उशिरा होते आणि अ‍ॅव्हरेज आहे त्याहून वाईट दिसते.

खरी काळजी घाटातली आहे. चाक मोठे झाले की इंजिनाचा जोर जमिनीपर्यंत पोहोचताना सुमारे 7 टक्के कमी होतो. चढावर ते लगेच जाणवते. ब्रेकचेही तसेच आहे. पाय तेवढाच दाबला तरी रस्त्यावरची पकड 7 टक्क्यांनी कमी पडते. उतारावर गिअरमध्ये गाडी रोखून धरण्याची ताकदही तेवढीच घटते, म्हणून ब्रेकवर भार वाढतो आणि ते जास्त तापतात. शिवाय असा टायर वजनदार असतो. कशेडी किंवा ताम्हिणी भर पावसात उतरताना मागे अम्मी आणि लहान भावंडे बसलेली असतील, तर हा आकडा छोटा नाही. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, हेही लक्षात घ्यावे.

बाकीच्या अडचणी दुकानातच दिसतात. स्टेअरिंग पूर्ण वळवले की टायर मडगार्डला घासतो. मग गाडी उंच करण्याचा खर्च निघतो, आणि गाडी उंच झाली की वळणावर झुकते. पैसे कमी पडले म्हणून दोनच टायर बदलणे तर फारच वाईट. फोर व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा आस एकाच गतीने फिरतो. चाके लहान-मोठी असली की सगळा ताण आतल्या दात्यांवर येतो. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची हवी, आणि ती जड स्टेपनी मागच्या दारावर लटकणार.

कायद्याचा मुद्दाही आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघातानंतर विमा कंपनीही अशा बदलावर बोट ठेवू शकते.

मग मुलाचा शौक मारायचा का? मुळीच नाही. कंपनीने याच थारच्या दुसऱ्या प्रकाराला 255/65 आर 18 दिला आहे. त्याचा व्यास 789 मि.मी. म्हणजे बनवणाऱ्यांनीसुद्धा फरक 15 मि.मी.च ठेवला. मूळ मापातच जाड, खोल नक्षीचे टायर मिळतात. चिखलात, रेतीत खरे काम ते करतात आणि कमी केलेली हवा करते. रेतीत हवा 18 ते 20 पर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. डांबरी रस्त्यावर येण्याआधी ती पुन्हा भरलीच पाहिजे, म्हणून हवा भरायचा छोटा पंप गाडीत ठेवावा. मोठ्या टायरच्या मानाने तो कितीतरी स्वस्त.

दुकानात जाण्यापूर्वी हा हिशेब मुलाकडूनच करून घ्या. आकडे त्याने स्वतः मांडले की घरच्यांना "नको" म्हणावे लागत नाही.