लष्करी बॅग शेतात किती कामाची?

हल्ली गावोगावच्या तरण्या पोरांच्या पाठीवर हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची लष्करी बॅग दिसते. बापाच्या हातात मात्र अजून खताच्या गोणीची पिशवीच. पोरांचं हे खूळ म्हणून सोडून द्यावं, की त्यात काही अर्थ आहे?

पाठीवरचं ओझं आपल्याला नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लष्कराचे जवान मदतीला धावून आले. जवानाचं सामान पाठीवर असतं, म्हणून त्याचे दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. सगळी मेख इथंच आहे. रात्रीच्या लायटीवर हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेल्या माणसाला एका हातात बॅटरी अन् दुसऱ्या हातात काठी लागते. पिशवी धरायला तिसरा हात आणायचा कुठून?

म्हणून माळेगावच्या यात्रेत मी अशी एक बॅग घेतली अन् दोन हंगाम वापरली. पट्टे रुंद होते, खांद्याला काचले नाहीत. कमरेचा पट्टा आवळला की निम्मं ओझं कमरेवर येतं. पाना, पक्कड, विळा, भाकरी, पाणी, सगळं मावतं. पण खोटही कळली. काळ्या रानातला चिखल वाळला की चेन अडकते. उन्हाळ्यात पाठ घामानं भिजून निघते. पहिल्याच पावसात आतलं सामान ओलं झालं. अन् रंगाचं म्हणाल तर बांधावर ठेवलेली बॅग सोयाबीनमध्ये हुडकावी लागते! मी तिला लाल चिंधी बांधली. बॅग भुईवर ठेवू नका, झाडाला टांगा. पाठीवर घेण्याआधी झाडून बघा, इंचू-काटा कुठंही शिरतो.

घेताना रंग बघू नका, शिवण बघा. पट्टा जिथं बॅगेला जोडलाय तिथं दुहेरी टाके आहेत का, ते तपासा. दुकानातच पाच-सहा किलो वजन भरून पाठीवर घ्या, चार पावलं चाला. दुकानदार नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

आता खरी काळजीची गोष्ट. या बॅगेला कप्पे पुष्कळ, म्हणून एका कप्प्यात भाकरी अन् शेजारच्या कप्प्यात फवारणीच्या औषधाची बाटली, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. मधे नुसतं कापड असतं. झाकण सैल झालं की औषध भाकरीपर्यंत पोचायला कितीसा वेळ? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणं वेगळी होती, पण विष तेच. आपण त्याला ‘औषध’ म्हणतो, म्हणून भीती वाटत नाही. औषधाला बॅगेत जागाच देऊ नका. त्याचा डबा वेगळा ठेवा, अन् तो लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

शेवटचं एक. या बॅगा जवानाच्या अंगलटीवर बेतलेल्या. निंदणी-वेचणीला जाणाऱ्या बाईच्या खांद्यावर त्या नीट बसत नाहीत. मग तिचं ओझं डोक्यावरच राहतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं शेतीची अवजारं केली, तशी बाईमाणसाच्या मापाची, चिखला-पावसात टिकणारी साधी बॅग करून गावच्या शिंप्याला तिचं माप द्यावं. रानात बाई पुरुषाइतकंच राबते. हात मोकळे ठेवायचा हक्क तिलाही आहे.